जामिनासाठी पत्ता

हीथ्रो विमानतळाच्या उत्तरेला कोलनब्रुक बायपास नावाचा रस्ता आहे. त्याला लागून हार्मंड्सवर्थ आणि कोलनब्रुक ही दोन स्थानबद्धता केंद्रं आहेत. आत ठेवलेली माणसं शिक्षा भोगत नसतात. व्हिसा संपलेले, आश्रयाचा अर्ज फेटाळलेले, देशाबाहेर काढायच्या यादीतले असे हे लोक. हार्मंड्सवर्थला १९७० पासून परदेशी माणसं अशी अडकवून ठेवली जात आहेत. मुंबईहून आलेलं विमान तिथून हाकेच्या अंतरावर उतरतं. आपण मराठी माणसं बॅगा घेऊन टॅक्सी पकडतो, आणि त्या भिंतीवरून नजर सहज निघून जाते.

खालचं जोडपं मी रचलेलं आहे. पश्चिम लंडनमधल्या दोन-तीन घरांत ऐकलेली बोलणी मी एका स्वयंपाकघरात आणून बसवली. कायदे, घटना आणि तारखा मात्र खऱ्या आहेत. तो मूळचा कोल्हापूरचा, आता निवृत्त इंजिनियर. तिचे वडील डॉक्टर म्हणून इंग्लंडला आले, ती तिथेच वाढली. त्यांचा एकुलता एक मुलगा मोटारवेवरच्या अपघातात गेला. ती आता एका स्वयंसेवी संस्थेतर्फे दर मंगळवारी हार्मंड्सवर्थला एका पाकिस्तानी ख्रिस्ती तरुणाला भेटायला जाते.

तो : आज फारच उशीर केलास.

ती : आत शिरायलाच वेळ गेला. पासपोर्ट बघितला, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, पर्स लॉकरमध्ये ठेवायला लावली, मग झडती. बेसनाचे लाडू नेले होते, ते तसेच परत आणले. घरचं काही आत चालत नाही.

तो : तुला ठाऊक नव्हतं?

ती : ठाऊक होतं.

तो : मग नेलेस कशाला? कोणाला आवडायचे बेसनाचे लाडू?

ती : तुम्हाला माहीत आहे कोणाला.

तो : तेच म्हणतोय मी. तो मुलगा आपला नाही.

ती : आपला आहे असं मी एकदा तरी म्हटलंय?

तो : म्हणायला कशाला हवं? मंगळवार उजाडला की तुझी लगबग सुरू होते. या घरात किती दिवसांनी बेसन भाजल्याचा वास आला, आणि तो आला तो कोण कुठल्या फैसलाबादच्या पोरासाठी.

ती : आणि तुम्ही तेवढेच दिवस अलॉटमेंटवर काढलेत. मेथी, पालक, लसूण. थंडीत जमीन गोठलेली असते, तेव्हाही फावडं घेऊन निघता. मी कधी विचारलं, कोणासाठी म्हणून?

तो : तिथे निदान कोणी 'कसे आहात' म्हणून विचारत नाही.

ती : तिथेही नाही विचारत. तिथे मी विचारते.

मूल गेलं की नवरा-बायको जवळ येतात, असं लोक धरून चालतात. मी पाहिलेल्या घरांत तसं क्वचितच झालं. एकाला बोलायचं असतं तेव्हा दुसऱ्याला झोप लागलेली असते, आणि दुसरा बोलायला आला की पहिल्याला भांडी घासायची असतात. मंडळातले लोक समाचाराला आले की हा माणूस जिन्याने वर जायचा आणि ती खाली सगळ्यांना चहा द्यायची. एकमेकांवर राग नव्हता. एकमेकांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, कारण तिसरा चेहरा त्या दोन चेहऱ्यांतूनच झालेला होता.

तो : मला एक सांग. व्हिसा संपला तेव्हाच तो परत का गेला नाही?

ती : आला तो शिकायला. तेव्हा आश्रय मागायचं काही कारणच नव्हतं. मग ऑगस्ट २०२३ मध्ये फैसलाबादकडच्या जरांवाल्यात काय झालं ते तुम्हीच टीव्हीवर बघितलंत. कुराणाची विटंबना केली असा आरोप झाला, आणि दिवसभरात चर्च जळाली, ख्रिस्ती वस्तीतली घरं लुटली, जाळली. त्याचं घर त्याच भागातलं.

तो : म्हणजे वीस वर्षांच्या कोणावरही पाकिस्तानात तसा आरोप होतो?

ती : होतो. आसिया बीबी शेतमजूर होती. पाण्यावरून भांडण झालं, २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडली. निर्दोष सुटूनही तिला त्या देशात राहता आलं नाही, कॅनडाला जावं लागलं.

तो : मान्य. पण २०२३ च्या ऑगस्टात घर जळलं, तर सप्टेंबरात अर्ज करायचा. यानं किती महिने घालवले? कोर्स सुटला, व्हिसा गेला, मग याला आश्रय आठवला. असं मी एकटाच म्हणत नाही. इथला कायदाही उशीर माणसाच्या विरोधात धरतो.

ती : धरतो. फीचे पैसे घरून यायचे बंद झाले, तो घाबरला, कुठल्याशा एजंटानं सांगितलं गप्प बस. चूक झाली त्याची. चुकीची शिक्षा म्हणून त्याला परत त्या गल्लीत पाठवायचं?

तो : मी पाठवा म्हणत नाही. मी म्हणतो, रांग असते. मी रांगेत थांबलो होतो.

ती : कसल्या रांगेत, ते सांगा ना.

तो : तुला माहीत आहे.

ती : मला माहीत आहे, तुम्ही विसरलात. १९८६ ची मुंबई. ब्रिटिश डेप्युटी हाय कमिशनमधल्या त्या साहेबानं विचारलं, तुमच्याकडे लग्न झाल्यावर मुलगी नवऱ्याच्या घरी जाते ना? मग तुम्ही कसे काय बायकोकडे निघालात? तुमच्याच रीतीचा पुरावा केला आणि तुमच्याच विरोधात वापरला. लग्न म्हणजे निमित्त, डोळा व्हिसावर, असं लिहून नकार दिला.

तो : आणि घरी काका म्हणाले, घरजावई व्हायला निघालाय, बरं झालं, अडवला.

हे त्या पिढीतल्या पुष्कळांच्या वाट्याला आलं. 'प्रायमरी पर्पज' नावाचा तो नियम १९८० पासून होता आणि जून १९९७ मध्ये रद्द झाला. लग्न खरं आहे एवढं दाखवून भागत नसे. ते मुख्यतः ब्रिटनमध्ये शिरण्यासाठी केलेलं नाही, हे अर्जदारानं सिद्ध करायचं. मनात नसलेला हेतू कागदावर कसा दाखवणार? प्रत्यक्षात त्याचा मार बसला तो मुख्यतः भारत, पाकिस्तान, बांगलादेशातल्या नवऱ्यांना. ठरवून केलेल्या लग्नात नवरा-बायको आधी फारसे भेटलेले नसत, आणि तेवढ्यानं संशय पक्का होई. पत्रांचे गठ्ठे, लग्नाचे अल्बम, ट्रंककॉलच्या पावत्या घेऊन माणसं मुलाखतीला जायची. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी नवऱ्याला लिहिलेली प्रेमपत्रं एका अनोळखी अधिकाऱ्यानं भाषांतर करवून वाचली होती. त्या अजूनही ते सांगताना इकडेतिकडे बघतात.

तो : बरोबर. दोनदा नकार आला, अपील केलं, आणि तोवर मी कोल्हापुरात बसून होतो. तू इथे, मी तिथे. १९८८ मध्ये आलो तो शिक्का मारून घेऊन आलो, लपून नाही. म्हणूनच मला या लोकांचा राग येतो. इतकं सोसून आम्ही नियम पाळला, तो काय मूर्ख म्हणून?

ती : तुम्ही थांबू शकलात. कोल्हापुरात तुमचं घर कोणी जाळत नव्हतं.

तो : कोल्हापूरचं नाव काढलंस म्हणून सांगतो. वळिवड्याचा पोलंडच्या लोकांचा कॅम्प माझ्या आजीनं डोळ्यांनी पाहिला होता. १९४३ ते ४८. पाच एक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेली, तिथून इराणमार्गे आलेली. आजी म्हणायची, बाजारात मिरची बघून घाबरायच्या त्या बायका. गावानं त्यांना सांभाळलं. मी काही दगड नाही. पण ती माणसं सरकारांनी आपसात ठरवून आणली होती. नावनिशीवार यादी होती. रात्री होडीत बसून पंचगंगेतून नाही आली.

ती : मग मला ती यादी दाखवा. जरांवाल्याच्या माणसानं आज कुठे नाव घालायचं? आश्रय मागायला जातो म्हणून ब्रिटनचा व्हिसाच मिळत नाही. आधी कसंही करून या भूमीवर पाय ठेवायचा आणि मग मागायचा, असाच कायदा आहे. आणि पाय ठेवला की विचारायचं, कसा आलास?

तो : युक्रेनच्या लोकांना व्हिसा दिला होता.

ती : दिला होता. युक्रेनच्या.

इथे थोडा वेळ दोघंही गप्प बसली असतील, असं मी समजतो. हा मुद्दा त्याच्या बाजूनं आला आणि तिच्या कामी पडला, हे दोघांनाही कळलं असणार.

तो : बरं, पकडला कसा?

ती : पकडला नाही. दर पंधरा दिवसांनी हाउन्स्लोच्या इमिग्रेशन ऑफिसात सही करायला जायचा, तसा गेला. काउंटरवरच्या बाईनं बस म्हटलं. तासाभरानं दोन माणसं आली. खोलीवर डाळ भिजत घातलेली होती म्हणाला.

तो : म्हणजे नियम पाळत होता.

ती : तुमच्यासारखाच. नियम पाळणारा सापडतो लवकर.

तो : किती दिवस ठेवणार?

ती : ते कोणालाच माहीत नाही. दर महिन्याला एक पत्र येतं, तुम्हाला आत ठेवणं का गरजेचं आहे याचं. दर पत्रात बहुतेक तीच वाक्यं. आतली पोरं म्हणतात, तुरुंगात दिवस उलटे मोजता येतात, इथे नुसते वाढत जातात.

ब्रिटनमध्ये परदेशी माणसाला अशा केंद्रात जास्तीत जास्त किती दिवस ठेवायचं, याची सरसकट मर्यादा कायद्यात नाही. गरोदर बायकांसाठी ७२ तासांची आहे, ती मंत्र्याच्या मंजुरीनं आठवड्यापर्यंत वाढते. बाकीच्या प्रौढांसाठी जे बंधन आहे, ते कोर्टाच्या निकालांतून आलं, आणि त्यातल्या सर्वांत गाजलेल्या निकालाला एका भारतीयाचं नाव आहे. हरदियाल सिंग हा काही संत नव्हता. घरफोडीची शिक्षा भोगून झाली, तरी भारतात पाठवायचे कागद तयार नव्हते म्हणून त्याला डरहॅमच्या तुरुंगात तसाच ठेवला. डिसेंबर १९८३ मध्ये न्यायमूर्ती वूल्फ यांनी सांगितलं, की देशाबाहेर पाठवण्यासाठीच हा अधिकार वापरता येतो, तोही वाजवी काळापुरता, आणि वाजवी काळात पाठवता येणार नसेल तर अडकवून ठेवता येत नाही. इंग्लंडमधला प्रत्येक इमिग्रेशन वकील ते नाव जाणतो. आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय?

वाजवी काळ म्हणजे किती, हे मात्र प्रत्येक वेळी भांडून ठरवायचं. गॅटविकजवळच्या ब्रुक हाउस केंद्रात पहारेकऱ्यांनी माणसांना कसं वागवलं, ते २०१७ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमानं छुप्या कॅमेऱ्यानं दाखवलं. त्यावर बसलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्यात २८ दिवसांची मर्यादा घाला अशी शिफारस होती. सरकारनं ती स्वीकारली नाही. हार्मंड्सवर्थमध्ये ठेवलेला, स्मृतिभ्रंश झालेला ८४ वर्षांचा एक कॅनडियन २०१३ मध्ये हातात बेड्या असताना मेला. २०२४ मध्ये तुरुंगांच्या मुख्य निरीक्षकांनी त्याच केंद्राबद्दल लिहिलं, की स्थानबद्धतेची इतकी वाईट अवस्था त्यांच्या निरीक्षकांनी आधी पाहिली नव्हती. हे सरकारी कागदावरचं बोलणं आहे, कोणा चळवळ्याचं नाही.

ती : तो म्हणतो, कधी संपणार ते कळलं तर सोसता येईल. मी म्हटलं, मला कळतं. आमच्याही घरी तसंच आहे. कधी संपणार ते...

तो : थांब. हे मात्र नको.

ती : काय?

तो : आपलं आणि त्याचं एका मापात घालू नकोस. आपला मुलगा कोणी सही करून परत देणार नाही. त्याला कोणीतरी सही करून आत ठेवलाय, आणि दुसऱ्या कोणीतरी सही केली की तो उद्या बाहेर येईल. ते माणसांनी केलेलं आहे. तू दोन्ही दुःखं एक केलीस, की त्या सही करणाऱ्याची जबाबदारीच संपली.

मला वाटतं, या सगळ्या बोलण्यातलं हे सगळ्यात धारदार वाक्य, आणि ते मदतीला विरोध करणाऱ्यानं म्हटलंय.

ती : मग ऐका. जामिनाची तारीख लागतेय. हॅटन क्रॉसच्या ट्रायब्यूनलमध्ये. तो पडद्यावर दिसेल, वकील कोर्टात असेल. दोन गोष्टी लागतात. राहायचा पत्ता, आणि शक्य असेल तर पैशाची हमी. हमीचे पैसे आधी भरायचे नसतात, तो गायब झाला तरच द्यावे लागतात.

तो : आणि पत्ता?

ती : वरची खोली रिकामी आहे.

तो : रिकामी नाही.

ती : अहो...

तो : रिकामी नाही ती. तुमच्या संस्थेनं तुला पहिल्याच दिवशी सांगितलं ना, पैसे देऊ नका, घरचा पत्ता देऊ नका?

ती : सांगितलं.

तो : का सांगितलं असेल? तुझ्यासारख्या बाया बघूनच सांगितलं असेल. तू त्याला खोली दिलीस तर काय होईल ते मी सांगतो. सकाळी चहा घेऊन वर जाशील. तो उठायच्या आत त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहशील. तो कपाट उघडेल तर म्हणशील, नको, ते राहू दे. त्याला नाही म्हणता येणार नाही, कारण तुझ्या पत्त्यावर त्याचा जामीन आहे. खोली सोडायची तरी त्याला परवानगी मागावी लागेल. एका कोठडीतून काढून तू त्याला दुसऱ्या कोठडीत घालशील.

ती : तुम्हाला त्या खोलीचं काय? तुम्ही तर उंबराही ओलांडत नाही तिथला.

तो : मंगळवारी मी अलॉटमेंटवर जात नाही.

ती : मग?

तो : वर असतो.

ती काही बोलली नाही. तोही पुढे काही बोलला नाही. लेखकानं इथे दोघांना एकमेकांच्या गळ्यात घालायला हरकत नसते, पण तशी ती माणसं नाहीत. तिनं गॅस लावला आणि त्यानं टेबलावरची फाइल पुढे ओढली.

ती : आज तो मला म्हणाला, आंटी, मेरी माँ है.

तो : म्हणजे?

ती : मी खूप विचारत होते. जेवतोस का, झोपतोस का, केस का वाढवलेस. त्यानं शांतपणे सांगितलं. आई आहे त्याची, बहिणीकडे लाहोरला. आत सफाईचं काम करतो, तासाला एक पौंड मिळतो, त्यातून फोन करतो तिला.

तो : मग तू काय म्हणालीस?

ती : काय म्हणणार? म्हटलं, बरं. पुढच्या मंगळवारी येते.

तो : हे चर्चचं पत्र कोणी दिलंय?

ती : तिकडच्या पाद्र्यानं. घर जळल्याचं.

तो : यावर तारीख नाही. आणि इथे आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखं नाही. पहिल्याच पानावर माणूस खोटा ठरेल. वकिलानं बघितलं नाही?

ती : आत अर्धा तास मोफत मिळतो वकिलाचा. अर्ध्या तासात किती बघणार?

तो : पेन्सिल दे. हमी तू दे, तुझी पेन्शन आहे. मी कोर्टात येणार नाही, ते सांगून ठेवतो. आणि पत्ता दुसरा शोधा. साउथॉलला उर्दू बोलणाऱ्यांची चर्च आहेत, त्याच्याच लोकांपैकी कोणी देईल. नाहीतर गृहखात्याकडे मागता येतो, तसा अर्ज असतो.

ती : तुम्हाला कसं माहीत?

तो : फॉर्म वाचतो मी. कोणीतरी वाचायला नको?

या भांडणात मी कोणाच्या बाजूचा, असं विचाराल तर खोलीबाबत मी त्याच्या बाजूचा आहे. गेलेल्या मुलाची जागा भरायला जिवंत मुलगा आणू नये, आणि ज्याला नाही म्हणायची सोय नाही असा तर मुळीच आणू नये. रांगेबाबत मात्र त्याचं मला पटत नाही. ज्या रांगेनं त्याच्या लग्नावरच संशय घेतला, त्या रांगेचा अभिमान त्यानं बाळगावा, हे मला समजतं, पण तो अभिमान दुसऱ्याला दार लावायला वापरू नये. आणि तिच्याबद्दल लोक म्हणतात, की दुःख विसरायला ही बाई तिथे जाते. जाईना! कोण कशासाठी गेलं, याचा हिशेब आतल्या माणसाला पडलेला नसतो. मंगळवारी दोन वाजता समोरची खुर्ची भरली की नाही, एवढंच त्याला कळतं.

पश्चिम लंडनमध्ये, स्लाउमध्ये, हॅरोमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना ही जागा लांब नाही. स्थानबद्ध माणसांना भेटायला जाणारे स्वयंसेवी गट १९९० च्या दशकापासून काम करत आहेत, आणि हिंदी-उर्दू बोलणारा माणूस तिथे फार उपयोगी पडतो. आत भारतीयही असतात. आदल्या दिवशी वेळ ठरवा, फोटो असलेलं ओळखपत्र घ्या आणि जा. पण पुढच्या आठवड्याला जायचं नसेल, तर येतो असं सांगून येऊ नका.